चित्रकाराचे स्वतःचे संकेतस्थळ : चार वर्षांच्या वापरानंतर

कोल्हापुरात राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात माझ्या जलरंगांचे प्रदर्शन भरले होते, तेव्हा अभिप्रायाच्या वहीत एका गृहस्थांनी कौतुकाच्या दोन ओळींखाली विचारले होते, "तुमची जुनी चित्रे कोठे पाहायला मिळतील?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. भिंतीवर अडतीस चित्रे होती. उरलेली तीनशेच्या आसपास चित्रे घरातल्या पत्र्याच्या पेटीत, नातेवाइकांच्या दिवाणखान्यांत आणि विकत घेणाऱ्यांच्या घरी होती, आणि त्यांचे फोटो तीन जुन्या मोबाइलमध्ये विखुरलेले होते. शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेली, रोज मुलांची हजेरी घेतली, पण स्वतःच्या कामाची हजेरी मी कधी घेतली नव्हती. त्या वहीतल्या प्रश्नामुळे मी संकेतस्थळ करायला घेतले. त्याला आता चार वर्षे होऊन गेली आहेत, आणि मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

परीक्षण नेमके कशाचे, हे आधी सांगते. वर्डप्रेस ही संकेतस्थळ उभारण्यासाठी २००३ पासून उपलब्ध असलेली मुक्त आज्ञावली, माझ्या नावाचे डोमेन म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आणि पाने व चित्रे ठेवण्यासाठी वर्षाच्या बोलीने घेतलेली होस्टिंगची जागा, अशा तीन गोष्टी मिळून माझे संकेतस्थळ उभे आहे. वर्डप्रेस याच नावाने एक तयार सेवाही मिळते आणि पुष्कळांचा तेथे गोंधळ होतो. मी वापरते ती फुकट उतरवून घेता येणारी आणि भाड्याने घेतलेल्या कोणत्याही जागेवर बसवता येणारी आज्ञावली. डोमेनला वर्षाला हजाराच्या आतबाहेर आणि होस्टिंगला साडेतीन हजारांच्या आसपास, असा माझा खर्च आहे. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर बहुधा सवलतीचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी तो बराच चढतो, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यावर न जाता दुसऱ्या वर्षाचा दर विचारून घ्यावा. चित्रकाराच्या हिशेबात सांगायचे, तर माउंट आणि काच घालून दोन-तीन चौकटी करायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात वर्षभराचे संकेतस्थळ चालते.

माझा पहिला प्रयत्न मात्र फसला होता, आणि तो कसा फसला हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे बरोबर होणार नाही. एका परिचित व्यावसायिकाने ठरावीक रकमेत सगळे करून देण्याचे कबूल केले आणि महिन्याभरात पाने दिसूही लागली. दीड वर्षाने चित्रांच्या किमती बदलायची वेळ आली, तेव्हा माझ्या एका माजी विद्यार्थिनीने सहज विचारले, "बाई, डोमेन कोणाच्या खात्यावर आहे?" चौकशी केल्यावर कळले की डोमेन, होस्टिंग आणि सगळे पासवर्ड त्या गृहस्थांच्याच खात्यात होते. ते फोन उचलेनासे झाले, मुदत संपली, आणि माझ्या नावाचा तो पत्ता दुसऱ्याच कोणी तरी जाहिराती दाखवण्यासाठी घेतला. आजच्या माझ्या डोमेनमध्ये आडनावापुढे "चित्र" हा शब्द जोडलेला दिसतो, तो हौसेने जोडलेला नाही. घर बांधायला गवंडी कोणीही असो, सातबारा आपल्या नावावर असावा लागतो. डोमेनचे तसेच आहे. डोमेनचे खाते स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडावे, पैसे स्वतः भरावेत, आणि ज्यांचे डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात आहे त्यांनी संबंध गोडीचे आहेत तोवरच ट्रान्सफर कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या खात्यात हलवण्याची खूण, मागून ते आपल्याकडे घ्यावे. पाने सजवण्याचे काम मग खुशाल कोणाकडूनही करून घ्यावे.

आता चित्रांविषयी. माझे नेहमीचे माप हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ गुणिले २२ इंच, आणि निसर्गचित्र म्हटले की कागद बहुधा आडवा. इन्स्टाग्रामवर खात्याच्या पानावर चित्रांच्या चौकटी अनेक वर्षे चौरस होत्या, त्या २०२५च्या आरंभी उभ्या झाल्या. हिशेब सोपा आहे : २२ इंच रुंदीच्या आडव्या चित्रातला चौरस घेतला तर सुमारे एक तृतीयांश चित्र कापले जाते आणि तीनास चार या प्रमाणातली उभी चौकट घेतली तर जवळजवळ निम्मे. बोटाने उघडल्यावर पूर्ण चित्र दिसते, हे खरे. परंतु पाहुणा आधी खात्याचे पान पाहतो आणि त्यावरून चित्रकार कसा आहे ते ठरवतो. रंकाळ्याच्या चित्रात डाव्या टोकाला संध्यामठ आणि उजव्या टोकाला एकच होडी अशी मांडणी केली असेल, तर मधले नुसते पाणी तेवढे उरते, आणि ते पाणी रिकामे ठेवण्यासाठीच चित्रकाराने सगळा खटाटोप केलेला असतो. स्वतःच्या संकेतस्थळावर चौकट आपण ठरवतो. माझ्या पानावर आडवी चित्रे आडवी, उभी चित्रे उभी दिसतात, त्यांच्याभोवती माउंटसारखी पांढरी जागा सुटते आणि एका ओळीत दोनच चित्रे येतात. मोबाइलवर तर एकाखाली एक अशीच येतात, आणि मला ते अधिक आवडते, कारण कलादालनातही माणूस एका वेळी एकाच चित्रासमोर उभा असतो.

वर्डप्रेस चढवलेल्या प्रत्येक चित्राच्या लहान-मोठ्या अनेक आवृत्त्या आपोआप तयार करते आणि पडद्याच्या मापाप्रमाणे योग्य ती पुढे करते. लांब बाजू २५६० पिक्सेलपेक्षा मोठी असेल तर तीही कमी करून घेते. मी स्वतः लांब बाजू १८०० पिक्सेल ठेवते. कागदाचा पोत आणि रंगाचे दाणे दिसायला तेवढे पुरतात आणि परस्पर छापून विकायला ते अपुरे पडतात. रंग मात्र कोणतीही आज्ञावली सुधारून देत नाही. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कागदाचा पांढरा रंग हिरवट किंवा निळसर होतो आणि जलरंगात कागदाचा पांढरा हाच सर्वांत महत्त्वाचा रंग असल्यामुळे सगळे चित्र मळते. सकाळी उत्तरेच्या खिडकीशी, फ्लॅश न वापरता, काच बसवण्याआधी फोटो काढायचा आणि साठवताना एसआरजीबी ही रंगव्यवस्था निवडायची, एवढे पाळल्यावर माझे पुष्कळ प्रश्न सुटले. काच बसवल्यानंतर काढलेल्या फोटोत चित्रकाराचे स्वतःचेच प्रतिबिंब येते. माझ्या पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत मी आहे.

मराठीच्या बाबतीत या व्यवस्थेला चांगले गुण द्यावे लागतील, पण पूर्ण नव्हेत. वर्डप्रेसची भाषा मराठी निवडता येते, त्यामुळे बटणे, तारखा आणि सूचना मराठीत दिसतात. अक्षरांसाठी मी आधी मुंबईतील "एक टाइप" या अक्षररचनाकारांच्या मंडळींनी केलेला "मुक्त" नावाचा फॉन्ट वापरला, आणि नंतर चित्रांच्या शीर्षकांसाठी तिरो देवनागरी मराठी घेतला. दोन्ही विनामूल्य आहेत. तिरोच्या हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत आणि मराठी आवृत्तीत आपल्या वळणाचे ल आणि श मिळतात. फळ्यावर ज्यांनी तीस वर्षे ही अक्षरे गिरवून घेतली, त्यांना हा फरक किती सुखावतो हे इतरांना सांगून कळणार नाही. एक अडचण मात्र कोणीही आधी सांगत नाही. पानाचे शीर्षक मराठीत लिहिले की वर्डप्रेस त्या पानाचा पत्ताही देवनागरीत तयार करते, आणि तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला गेले की टक्क्यांच्या चिन्हांनी आणि आकड्यांनी भरलेल्या चार-पाच ओळी पलीकडे जातात. पाहणाऱ्याला तो फसवणुकीचा संदेश वाटतो. शीर्षक मराठीत ठेवून पत्ता रोमन अक्षरांत स्वतः लिहावा, हा त्यावर उपाय. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळते आणि मन त्याकडे ओढ घेते, पण अनेक ठिकाणच्या अर्जांत ईमेलसाठी ते आजही स्वीकारले जात नाही, म्हणून मी डॉट इन घेतले.

आणि आता ज्या कारणासाठी मी हे संकेतस्थळ चालू ठेवले आहे त्याकडे येते. मी ते विक्रीसाठी काढले होते. प्रत्यक्षात हातात आली ती नोंदवही. प्रत्येक चित्राला एक पान, आणि प्रत्येक पानावर क्रमांक, नाव, वर्ष, ठिकाण, इंचांतले माप, कागदाचे वजन, कोणत्या प्रदर्शनात लागले, आणि आज चित्र उपलब्ध आहे की दिलेले आहे, एवढ्या गोष्टी. घेणाऱ्याचे नाव मी पानावर लिहीत नाही. ते माझ्याजवळच्या वहीत त्याच क्रमांकापुढे असते. हे लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की निम्म्याहून अधिक चित्रांचे वर्ष मला आठवत नव्हते, आणि दोन चित्रे एकाच नावाने दोन वेगवेगळ्या प्रदर्शनांत लागली होती. पन्हाळ्याची तीन दरवाजाची चित्रे मी आयुष्यात एकंदर अकरा केली, हेही तेव्हाच कळले. ती अकरा एका पानावर वर्षांच्या क्रमाने लावल्यावर पहिल्या चारांत प्रत्येक दगड मोजून काढलेला दिसतो आणि शेवटच्या दोनांत दगड एकही नाही, नुसती सावली आहे. माझ्या कामात काय बदल झाला ते मला कोणी समीक्षकाने सांगितले नव्हते. त्या पानाने सांगितले. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, पोथी असते, तिच्यातली पाने सुटी असतात, पण क्रम मोडला की कथा मोडते. चित्रकाराची चित्रेही सुटीच असतात, आणि समाजमाध्यमांवर ती आज कोणती दिसावी हे दुसराच ठरवतो. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये काळाच्या क्रमाऐवजी आवडीनिवडीच्या गणितावर चित्रे दाखवायला सुरुवात केली. करमणुकीसाठी ते ठीक असेल, पण क्रम हाच ज्याचा अर्थ आहे, अशा कामाला ते मानवत नाही.

नोंदवहीचा एक कायदेशीर उपयोगही आहे आणि तो आपल्याकडच्या फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३ अ आहे, त्यानुसार मूळ चित्राची पुनर्विक्री १०,००० रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीतला हिस्सा मागता येतो. हिस्सा जास्तीत जास्त दहा टक्के. कॉपीराइट टिकतो तोवर, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत, हा हक्क राहतो. परंतु मूळ चित्र कोणते, ते केव्हाचे, किती मापाचे आणि प्रथम कोणाकडे गेले, हेच जर सांगता आले नाही, तर हक्क कागदावरच राहणार. माझ्या चित्रांच्या पुनर्विक्रीवर कोणी लक्ष ठेवून असेल असे मला वाटत नाही; तरीही मुलाच्या हाती पत्र्याची पेटी देण्यापेक्षा क्रमांकवार नोंद देणे मला बरे वाटते. मागच्या वर्षी एका बाईंचे पत्र आले. त्यांच्या वडिलांच्या घरी पंचगंगेच्या घाटाचे माझे चित्र होते, मागे फक्त सही होती, आणि घर आवरताना ते केव्हाचे आहे हे त्यांना हवे होते. त्यांनी फोटो पाठवला, मी क्रमांक शोधला आणि दहा मिनिटांत वर्ष, माप आणि प्रदर्शनाचे नाव कळवले. चार वर्षांत संकेतस्थळाने मला दिलेले सर्वांत मोठे समाधान ते होते, आणि त्यात एका रुपयाचीही विक्री नव्हती.

विक्रीविषयी मी फुगवून लिहिणार नाही. चार वर्षांत संकेतस्थळावरून थेट चौकशी होऊन गेलेली चित्रे नऊ आहेत, आणि त्यांतली सहा ज्यांनी आधी प्रदर्शन पाहिले होते अशांनी घेतली. अनोळखी माणूस संकेतस्थळावर येतो आणि जलरंग विकत घेतो, असे क्वचितच घडते. कागदाचा पोत हाताशी असल्याशिवाय लोक पैसे काढत नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही मला वाटत नाही. मात्र कलादालनातून चित्र गेले तर किमतीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग कमिशनमध्ये जाऊ शकतो, तसे येथे होत नाही. त्यामुळे संकेतस्थळावर किंमत कमी ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. एकच चित्र कलादालनात एका किमतीला आणि संकेतस्थळावर दुसऱ्या किमतीला दिसले, तर कलादालन पुढच्या वेळी दार उघडणार नाही आणि ज्याने पूर्ण किंमत मोजली तो आपल्याला दुकानदार समजेल. किंमत पानावर लिहावी की "चौकशी करावी" एवढेच लिहावे, यावर चित्रकारांत दोन तट आहेत. मी किंमत लिहिते. आपल्याकडचा मध्यमवर्गीय रसिक संकोची असतो, किंमत विचारून परवडली नाही तर काय म्हणतील या भीतीने तो विचारतच नाही. पैसे घेण्यासाठी ऑनलाइन दुकानाचे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची छोटी आज्ञावली, मी बसवले होते, ते तीन महिन्यांत काढून टाकले. वर्षाला दोन-तीन चित्रे जाणार असतील, तर एक संपर्काचे पान आणि यूपीआय पुरते.

देखभाल हा या व्यवस्थेचा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि तेथे मी गुण कापते. वर्डप्रेस, थीम म्हणजे पानांची तयार मांडणी, आणि प्लगइन यांच्या नव्या आवृत्त्या सतत येत असतात. त्या घेतल्या नाहीत तर घुसखोरीचा धोका, आणि डोळे मिटून घेतल्या तर कधी मांडणी विस्कटते. मी प्लगइन चारच ठेवली आहेत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअप घेऊन मगच अद्ययावत करते. वर्डप्रेसमधल्या निर्यातीच्या सोयीने मजकूर बाहेर पडतो, चित्रांच्या मूळ फाइली त्यात येत नाहीत. चित्रांचा साठा वेगळा उतरवून घ्यावा लागतो, हे ज्यांना ठाऊक नसते त्यांचा बॅकअप अर्धाच असतो. मालकी म्हटली की उस्तवार आलीच. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, घराघरांत चित्रे पोहोचवली, आणि तरी कर्जापायी तो अखेर विकावा लागला. वर्षाला साडेचार हजार आणि महिन्याचा एक रविवार, एवढ्यावर माझे भागते, ही त्या मानाने चैनच म्हणायची.

फुकटच्या जागा असताना हा उद्योग कशाला, असे मला अनेक तरुण विचारतात. फुकटच्या जागा मीही वापरते. नव्या माणसांची गाठ तेथेच पडते, आणि प्रदर्शनाची बातमी संकेतस्थळावर लावून कोणी येत नाही, ती व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पसरते. पण ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, फुकट पाने उभारू देणारे जिओसिटीज २००९ मध्ये गेले, आणि मायस्पेस या समाजमाध्यमावर बारा वर्षांत चढवलेली गाणी हरवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. होस्टिंग देणारी कंपनीही उद्या बंद पडू शकते; फरक एवढाच की बॅकअप आपल्याजवळ आणि डोमेन आपल्या खात्यात असेल, तर तोच पत्ता दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागेकडे वळवता येतो. मी एकदा तसे केले आहे. आधीच्या होस्टिंगवर माझे संकेतस्थळ वारंवार बंद पडू लागले म्हणून दुसरीकडे बिऱ्हाड हलवले, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणाला ते कळलेही नाही.

हे कोणासाठी नाही, तेही लिहिते. कलाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी डोमेन लगेच घेऊन ठेवावे, कारण नाव नंतर मिळत नाही, पण पाने उभारण्याची घाई करू नये; पन्नास कामे साठेपर्यंत तेथे दाखवायला क्रमच नसतो. महिन्यातून दोन तास संगणकासमोर बसणे ज्यांना जाचते, त्यांनी वर्षाला अधिक पैसे मोजून तयार सेवा घ्यावी, डोमेन मात्र स्वतःचेच जोडावे. वारली, चित्रकथी किंवा लाकडी खेळणी करणाऱ्या घरांत जेथे तीन पिढ्या एकत्र काम करतात, तेथे प्रत्येक कामाखाली करणाऱ्याचे नाव आणि गावाचे नाव लिहिण्यासाठी याहून स्वस्त साधन मला दिसत नाही. नाही तर बाजारात ते सगळे "पारंपरिक कला" एवढ्याच नावाने विकले जाते.

गुण द्यायचेच तर दहापैकी आठ. एक देखभालीचा कापला, एक देवनागरी पत्त्यांच्या गोंधळाचा. या महिन्यात नूतनीकरणाची तारीख आली, तेव्हा डोमेनचे पैसे पाच वर्षांसाठी एकदम भरून टाकले. नोंदवहीत आजपर्यंत २६४ चित्रे चढली आहेत. पेटीच्या तळाशी अजून एक गठ्ठा आहे, शिक्षिका झाल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतला. त्यांतल्या सतरा चित्रांच्या मागे ना तारीख आहे ना गाव. एकात कौलारू शाळा आणि समोर शेवग्याचे झाड आहे. ती शाळा कोणती, हे विचारायला मी पुढच्या आठवड्यात तेव्हाच्या एका सहकारी बाईंकडे ते चित्र घेऊन जाणार आहे. तोवर त्या पानावर ठिकाणाची ओळ कोरी ठेवली आहे.